मोठा रेडिएटर सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका मालकाची २००२ सालची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. दीड वर्षापूर्वी टर्बो बसवला, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, अर्धा बार. तेव्हापासून मे महिन्यात मुंबईहून परतताना कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकले आणि एसी चालू असला, की पाण्याचा गेज १०८ अंशांवर जातो आणि रिझर्व्हच्या बाटलीत बुडबुडे येतात. मोकळ्या हायवेला शंभरच्या वेगात मात्र काटा ९० च्या पुढे सरकत नाही. कोइमतूरच्या कारी रेसिंग ट्रॅकवर गेले तेव्हा तिसऱ्या लॅपलाच ११२. आत पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं आहे. एक जण सांगतो जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर घाला. दुसरा सांगतो थर्मोस्टॅटचा वॉल (व्हॉल्व्ह) काढून फेका आणि साधं पाणी भरा. सोबत चार फोटो.

माझं भोसरीत गॅरेज आहे, चोवीस वर्षं झाली. या सिटी व्हीटेक किती हातांखालून गेल्या त्याचा हिशोब ठेवलेला नाही, पण टर्बो लावलेल्या बहुतेक गाड्या याच तक्रारीनं परत आल्यात. उत्तर लांब होणार आहे.

तुम्हाला आजार एक वाटतोय, पण आहेत दोन. घाटातलं गरम होणं वेगळं आणि ट्रॅकवरचं वेगळं. घाटाचं आधी घेऊ.

कागदावर हिशोब मांडा. माणसं धरून गाडी बाराशे किलो. घाट सरासरी ६ टक्के चढाचा धरू, वेग ताशी ३० किलोमीटर. एवढं वजन वर ओढायला साधारण ६ किलोवॅट लागतात, टायर फिरवायला एक-सव्वा. गिअरबॉक्समधला तोटा आणि एसीचा कॉम्प्रेसर मिळवला तरी इंजिन अकरा-बारा किलोवॅटच देतंय. आता हायवेला शंभरच्या वेगात बघा. तिथे वारा कापायला सात-आठ किलोवॅट, टायरला चार, वर एसी. म्हणजे चौदा-पंधरा. हायवेला इंजिन घाटापेक्षा जास्त काम करतंय, आणि तिथे काटा ९० वर! तुमचं इंजिन टर्बो नसतानाही १०६ अश्वशक्तीचं, म्हणजे ७८ किलोवॅटचं होतं. घाटात त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढंच काम चाललंय. एवढी उष्णता टाकायला कंपनीचा रेडिएटर पुरून उरतो. त्यामुळे घाटात रेडिएटर लहान पडतोय हे मला पटत नाही. तिथे कमी पडतोय तो वारा. हायवेला वारा फुकट मिळतो, घाटात तो फॅननं ओढून आणावा लागतो.

तुमच्या तिसऱ्या फोटोत नेमकं तेच दिसतंय. होंडाच्या या डी सिरीजच्या इंजिनात एक्झॉस्ट पुढच्या बाजूला आहे, रेडिएटरच्या तोंडासमोर. टर्बो बसवला की तो रेडिएटरच्या मागे चार बोटांवर येतो आणि मूळ फॅनला जागा राहत नाही. मग काय करतात, तर फॅन आणि त्याच्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे श्राउड, दोन्ही काढून टाकतात आणि पुढून एक बारीक फॅन बांधतात, प्लास्टिकच्या टाय रेडिएटरच्या फिन्समधून (पातळ पट्ट्यांमधून) ओवून. तुमचं तसंच झालंय. वर त्या फॅनच्या पुढे टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, शेजारी एसीचा कंडेन्सर. ज्यानं टर्बो बसवला त्याचं पाइपचं वेल्डिंग सुरेख आहे, त्यात खोट काढणार नाही. पण श्राउड काढलं तिथेच गाडी गरम व्हायला लागली.

श्राउड म्हणजे शोभेचं झाकण नव्हे. नुसता गोल फॅन लावला तर तो आपल्या समोरच्या गोलापुरतीच हवा हलवतो. कोपरे, कडा सगळं आंधळं राहतं. श्राउड असलं की तोच फॅन पूर्ण कोअरमधून, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या-फिन्सच्या सगळ्या भागातून, हवा ओढतो. शिवाय पुढून ढकलणाऱ्या फॅनपेक्षा मागून ओढणारा नेहमी बरा, कारण पुढचा फॅन बंद असताना हायवेच्या वाऱ्याला स्वतःच आडवा येतो.

एक साधी परीक्षा आज संध्याकाळीच करा. गाडी उभी, इंजिन चालू, फॅन फिरू लागला की वर्तमानपत्राचं एक पान जाळीसमोर धरून सोडा. तुमचा फॅन इंटरकूलरच्या मागे आहे, म्हणजे तो पुढून हवा ओढतोच. पान चिकटून बसायला हवं. एका कोपऱ्यात चिकटलं आणि बाकी फडफडलं, तर किती भाग कामाचा आहे ते डोळ्यांनी दिसेल. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिचं तुमच्या उलट लक्षण. शहरात ठीक, साठच्या पुढे गेली की गरम. मालकानं आधीच नवा रेडिएटर घातला होता. पान धरलं तर ते उडून माझ्या तोंडावर आलं. फॅनच्या दोन वायरी उलट्या जोडलेल्या, तो हवा पुढे फेकत होता आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत होता. दोन वायरी अदलाबदल केल्या, काम संपलं. नव्या रेडिएटरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

फॅनच्या वायरीवरून आठवलं. फॅन चालू असताना मल्टिमीटर थेट फॅनच्या कनेक्टरवर लावा. बॅटरीवर १३.८ दिसत असेल तर इथे १३ च्या वर तरी दिसायला हवं. ११ दिसलं तर फॅन दमून फिरतोय, वायर बारीक आहे किंवा अर्थिंग खराब आहे. ३० अँपिअरची रिले, जाड वायर, वेगळा फ्यूज आणि अर्थ थेट बॅटरीकडे किंवा खरवडून स्वच्छ केलेल्या बॉडीवर. हेडलाइटच्या वायरीतून फॅन चालवलेला मी पाहिलाय, म्हणून सांगतो.

आता बुडबुड्यांकडे. हे मला गरम होण्यापेक्षा जास्त खटकलं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ ला उकळतं. पण रेडिएटरचं झाकण १.१ बार प्रेशर धरतं, आणि त्या प्रेशरखाली तेच मिश्रण १२५ च्या पुढेपर्यंत उकळत नाही. इगतपुरीच्या उंचीनं फार तर एक-दोन अंशांचा फरक पडेल. मग तुमची गाडी १०८ लाच का उकळते? कारणं दोनच. एक तर झाकण प्रेशर धरत नाही. किंवा ते बुडबुडे उकळीचे नाहीतच, हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलमधून) सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय.

झाकण आधी बदला, फार खर्चाचं काम नाही. चांगलं घ्या, आणि मूळचं जितक्या प्रेशरचं आहे तितक्याच प्रेशरचं. जास्त बारचं झाकण लावलं की गाडी थंड होते असं नाही, फक्त उकळी लांबते, आणि वीस वर्षं जुन्या होज पाइपला आणि प्लास्टिकच्या टाकीला ते झेपेलच असं नाही. झाकणात दोन वॉल असतात हे पुष्कळांना माहीत नसतं. मोठा वॉल प्रेशर वाढलं की पाणी बाटलीत सोडतो, मधला छोटा गाडी थंड झाली की ते परत ओढून घेतो. सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला तर छोटा वॉल अडकलाय समजा.

गॅस्केटचं ओळखायला असं करा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करा आणि वरचा होज दाबून बघा. इंजिन अजून थंड असताना मिनिटभरात तो टायरसारखा कडक झाला तर पाणी गरम होऊन झालेलं ते प्रेशर नाही, गॅसचं आहे. खात्रीसाठी निळ्या द्रवाची टेस्ट येते, रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून वरची हवा त्यातून ओढायची. पिवळा झाला की ज्वलनाचा गॅस आलाय. टर्बोच्या गाडीत हे पुष्कळदा बूस्टखालीच दिसतं, म्हणून टेस्टच्या आधी एक जोरदार फेरी मारून या आणि गाडी निवल्यावर झाकण उघडा. निवल्यावरच. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग १९९९ चा आहे, तेव्हा मी शिकाऊ होतो आणि फडकं गुंडाळलं की पुरे असं मला वाटायचं.

गॅस्केट गेलं असेल तर पुढचं सगळं वाचणं थांबवा. हेड उतरवा, फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घ्या, स्टीलच्या थरांचं गॅस्केट घाला आणि नवे बोल्ट घाला. शिवाय ज्यानं ट्यूनिंग केलं त्याच्याकडून हवा-पेट्रोलचं मिक्स्चर आणि ठिणगीचं टायमिंग तपासून घ्या. टायमिंग फार मागे ठेवलं की आग उशिरा पेटते, एक्झॉस्ट तापतो, टर्बो लालबुंद होतो आणि ती धग पाण्यातही येते. फार पुढे ठेवलं तर इंजिन खडखडतं आणि पुन्हा गॅस्केट जातं. कूलिंगचा आजार कधी कधी ट्यूनिंगवाल्याच्या लॅपटॉपमध्ये असतो.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला. हा सल्ला आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलाय. थर्मोस्टॅट गाडी थंड ठेवत नाही, तो फक्त इंजिन लवकर तापवतो आणि नंतर वाटेतून बाजूला होतो. तुमच्या इंजिनातला ७८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि ९० ला पूर्ण उघडा असतो. १०८ वर तो उघडाच आहे, मग काढून मिळवलं काय? सकाळच्या थंडीत इंजिन तापायला उशीर, पेट्रोल जास्त, तेलात पेट्रोल उतरणं, रिंगा झिजणं, एवढंच. "पाणी फार जोरात फिरलं की त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही" हेही ऐकाल. ते चूक आहे, जास्त वाहणारं पाणी जास्तच उष्णता नेतं. मात्र वॉल अडकलेला असू शकतो. काढून पातेल्यात पाणी उकळा, दोऱ्याला बांधून सोडा. ९० पर्यंत साधारण ८ मिलिमीटर उघडला नाही तर नवा घाला, कंपनीचाच.

साधं पाणी म्हणजे बोअरचं पाणी असेल तर हात जोडतो. त्या क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून गच्च होतात, आणि ॲल्युमिनियमचं हेड खड्डे पडून खाल्लं जातं. उष्णता नेण्यात पाणी कूलंटपेक्षा सरस आहे, हे खरं. आपल्याकडे गोठण्याची भीतीही नाही. म्हणून मी ट्रॅकच्या गाड्यांत कूलंट ३० टक्के आणि डिस्टिल्ड वॉटर ७० टक्के भरतो. गंज रोखायचं औषध त्या तीस टक्क्यांतून मिळतं. वेगवेगळ्या जातीचे कूलंट एकत्र करू नका. नुसता रंग बघूनही जुळवू नका, रंग ही कंपनीची मर्जी असते.

भरताना या इंजिनात हवा अडकते. थर्मोस्टॅटच्या घरावर एक छोटा ब्लीडर बोल्ट आहे. पुढची चाकं फळीवर चढवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, बोल्ट सैल करून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत सावकाश भरा, मग बोल्ट आवळा. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा बघा.

मोजमापाचं एक सांगतो, कारण पुढचा खर्च त्यावर ठरेल. मूळ गेजवर विसंबू नका. तो आळशी आहे, आणि पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडून गाडी थंड असल्याचं दाखवतो! वरच्या होजमध्ये एक आणि खालच्या होजमध्ये एक असे दोन सेन्सर बसवा. मध्ये घालायचे ॲल्युमिनियमचे तुकडे लेथवाला करून देतो. वरचं म्हणजे रेडिएटरमध्ये जाणारं पाणी, खालचं म्हणजे येणारं. दोन्हींत सहा ते दहा अंशांचा फरक असणं निरोगी. दोन्ही तापलेत आणि फरक दोन-तीनच आहे, तर पाणी फिरतंय पण रेडिएटरला हवा मिळत नाही. फरक पंधरा-वीसवर गेला तर पाणी फिरत नाही, मग पंप बघा, चोंदलेल्या नळ्या बघा. या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, तेव्हा बेल्ट बदलताना पंपही बदलला होता का, ते आठवा. तापमान मोजणारी इन्फ्रारेडची बंदूक चालेल, पण ती चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली तर खोटं बोलते. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर मापा.

घाटासाठी एवढं सगळं झालं की करायचं काम एकच उरतं. रेडिएटरच्या मागच्या बाजूला दोन इंचांत बसेल असा बारीक ओढणारा फॅन, आणि कोअर कडेपासून कडेपर्यंत झाकणारं पत्र्याचं श्राउड. नाशकात अंबड-सातपूरला लेझर कटिंगवाले आहेत, पुठ्ठ्याचा नमुना नेऊन दिला की दीड मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये करून देतील. टर्बोच्या गरम बाजूवर ब्लँकेट घाला, डाउनपाइप (टर्बोतून खाली जाणारा एक्झॉस्टचा पाइप) गुंडाळा आणि टर्बो व फॅन यांच्यामध्ये एक पत्रा उभा करा, नाहीतर फॅनची मोटर वर्षभरात भाजून जाईल. पुढचा फॅन काढून टाका. टाय ज्या फिन्समधून ओवल्यात तिथे नळी घासून भोक पडतं, ते आज ना उद्या गळणार आहे.

आता ट्रॅक. इथे गणित पूर्ण पालटतं. कारी ट्रॅक २.१ किलोमीटरचा, छोटा आणि वळणावळणाचा. इंजिन सतत वरच्या आरपीएमला, सरासरी वेग फार नाही. सरासरी ५०-६० किलोवॅट काढलेत तर जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात उतरते, घाटाच्या चौपट-पाचपट. इथे फॅनला कुणी विचारत नाही. इथे दोन प्रश्न असतात, समोरची हवा खरंच रेडिएटरमधून जाते का, आणि गेलेली हवा बाहेर कुठून पडते.

बंपर काढून रेडिएटरच्या बाजूंनी बघा. दोन्हीकडे हात जाईल एवढ्या फटी असतात. हवा फिन्समधून घुसण्यापेक्षा त्या फटीतून पळते. बंपरच्या तोंडापासून कोअरच्या कडेपर्यंत पत्रा किंवा जाड प्लास्टिक लावून बोगदा करा, सांधे फोमच्या पट्टीनं बंद करा. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधली फटही बंद करा. या कामाला साहित्याचे दोन हजारसुद्धा लागत नाहीत, रविवार मात्र अख्खा जातो. दुसरं, खालचं प्लास्टिकचं आवरण परत लावा. ते बंपर घासतो म्हणून काढून टाकलेलं असतं. त्याच्यामुळे इंजिनाखाली हवेचा दाब कमी राहतो आणि रेडिएटरमागची हवा खाली ओढली जाते. बॉनेट मागून वॉशर घालून उचलायची फॅशन आहे, ती करू नका. काचेच्या पायथ्याशी वेगात दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर येण्याऐवजी आत शिरते. भोक पाडायचंच असेल तर बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात, रेडिएटरच्या लगेच मागे.

मग रेडिएटर. हो, ट्रॅकसाठी तुम्हाला मोठा लागेल. मूळचा अर्ध्या रुंदीचा आणि बारीक आहे, दीडपट ताकदीच्या इंजिनाला सतत पुरणार नाही. पण जाडीच्या मागे लागू नका. जितका जाड कोअर तितकी हवा त्यातून जायला कुरकुरते, आणि मागच्या थराला पुढच्या थरानं तापवलेलीच हवा मिळते. आधी रुंदी वाढवा, मग जाडी. नळ्यांच्या दोन ओळींचा, ४० मिलिमीटरच्या आसपासचा, पूर्ण रुंदीचा घ्या. ६०-७० मिलिमीटरचे मिळतात, तुमच्याकडे टर्बोमुळे तेवढी जागाही नाही. स्वस्तातल्या रेडिएटरांची वेल्डिंग एकदा प्रेशर देऊन पाण्याच्या टाकीत बुडवून बघा, मगच बसवा. बसवताना खाली रबर बुश हवेतच. नुसता आवळून ठेवला की आपल्या रस्त्यांवर सहा महिन्यांत टाकीच्या कोपऱ्यात चिरतो.

आणि तेल. ११२ चं पाणी बघून घाबरलात, पण तेव्हा तेल किती होतं हे कुणी पाहिलंच नाही. माझा अंदाज १३५ च्या पुढे. टर्बोचं बेअरिंग त्याच तेलावर जगतं. ट्रॅकसाठी ऑइल कूलर घालाच, पण थर्मोस्टॅट असलेल्या प्लेटसकट, नाहीतर रोजच्या नाशिकच्या वापरात तेल कधी तापणारच नाही. तो रेडिएटरच्या पुढे टांगू नका, तिथे आधीच रांग लागलीय. बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे जागा काढा.

पुढच्या कारीच्या आधी पैसे कमी पडत असतील तर झाकण, कूलंट, श्राउड आणि बोगदा एवढंच करून जा. दोन लॅप जोरात, एक सावकाश, असं चालवा. पिटमध्ये आलात की इंजिन लगेच बंद करू नका, बॉनेट उघडून दोन मिनिटं तसंच चालू ठेवा. आणि कसाऱ्यात पुन्हा काटा चढलाच तर आधी एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण जोरात. मे महिन्यात नको वाटतं, पण तो दुसरा छोटा रेडिएटरच आहे.

आधी वर्तमानपत्राचं पान, फॅनवरचं व्होल्टेज आणि सकाळचा होज, हे तीन बघून कळवा. होज कडक लागला तर रेडिएटरची ऑर्डर तूर्त देऊ नका.